दोन शोषखड्ड्यांचे शौचालय: तेरा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

कणकवली तालुक्यातील आमच्या घराच्या परसात २०१२ च्या मार्चमध्ये आम्ही दोन शोषखड्ड्यांचे शौचालय बांधून घेतले. तेव्हापासून एरवी घरातली पाच माणसे आणि मे महिन्यात व गणपतीत मुंबईकर धरून दहा-बारा, असा त्याचा वापर अखंड चालू आहे. बाजारातून आणलेल्या वस्तूवर लोक आठवडाभरात मत देऊन मोकळे होतात. या वस्तूच्या बाबतीत मला पहिली सात वर्षे मत देण्याचा अधिकारच नव्हता, कारण बांधताना ज्या खताचे आश्वासन मिळाले होते ते हाताला लागायला २०१९ चा एप्रिल उजाडला. त्यानंतर २०२३ मध्ये दुसरा खड्डाही उपसून झाला, म्हणून आता चार शब्द लिहिण्यास हरकत नाही. आधीच सांगून टाकते: शौचालय म्हणून मी त्याला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण देईन, पण खत देणारी व्यवस्था म्हणून ते काठावर पास झाले आहे. हा फरक का पडतो, हे बांधणाऱ्या गवंड्याने आम्हाला सांगितले नाही आणि घरोघर वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकातही ते लिहिलेले नव्हते.

रचना साधी आहे. भांड्यातून निघालेली नळी एका लहान चेंबरमध्ये येते, तिथे तिला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका गोल खड्ड्यात उतरतो. दोहोंपैकी एक फाटा दगड लावून बंद केलेला असतो. आमच्या खड्ड्यांचा आतला व्यास एक मीटर आणि खोली सव्वा मीटर आहे. भिंत जाळीची, म्हणजे चिऱ्यांच्या थरांमध्ये मुद्दाम फटी सोडून रचलेली, आणि तळ उघडा. मैल्याबरोबर येणारे पाणी आणि मूत्र या फटींतून व तळातून जमिनीत मुरते, वायूदेखील मातीतच शोषला जातो, आणि मागे राहिलेला घट्ट भाग आतल्या आत कुजून आकसत जातो. माणशी वर्षाला सुमारे ४५ लिटर जागा लागते असे धरून खड्ड्याचे माप काढतात. त्या हिशेबाने पाच माणसांचा खड्डा तीन-चार वर्षांत भरायला हवा. आमची जमीन जांभ्याची आणि पाणी चटकन पिणारी असल्यामुळे पहिला खड्डा नोव्हेंबर २०१६ पर्यंत पुरला. तो भरल्यावर चेंबरचे झाकण काढून दगड दुसऱ्या फाट्यावर सरकवला, पहिल्याच्या झाकणावर तारीख कोरून ठेवली आणि निदान दोन वर्षे त्याच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले. या व्यवस्थेत कोणतेही यंत्र नाही, वीज नाही, औषध नाही. जे काम होते ते केवळ वेळ करतो, आणि त्याला वेळ मिळावा एवढ्यासाठीच दुसरा खड्डा असतो.

हे एवढे सोपे असूनही बांधताना चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. आमच्या गवंड्याने त्याआधी बहुतेक सेप्टिक टँकच बांधले होते, त्यामुळे पहिला खड्डा भरला की त्यातून ओसंडून दुसऱ्यात जाईल अशी मालिका लावण्याचा त्याचा आग्रह होता. तसे केले असते तर दोन्ही खड्डे कायम ओलेच राहिले असते, विश्रांती कोणालाच मिळाली नसती आणि उपसायची वेळ आली की ताजा मैलाच हाताशी आला असता. गावात असे जोडखड्डे मी नंतर तीन ठिकाणी पाहिले. त्यांना कागदोपत्री दोन शोषखड्डेच म्हणतात. तळाला काँक्रीट ओतण्याचाही त्याचा विचार होता, 'घाण खाली जाता नये' म्हणून. हवानळी मात्र आम्ही थांबवू शकलो नाही. ती आजही उभी आहे, निरुपयोगी आहे, आणि तिच्या तोंडाला बांधलेली मच्छरदाणीची जाळी फाटली की डासांची सोय करून देते.

भांड्याची निवड हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. या शौचालयासाठी तीव्र उताराचे ग्रामीण भांडे आणि त्याखाली जेमतेम २० मिलिमीटर पाणी धरून ठेवणारा ट्रॅप लागतो. आमच्याकडचे गवंडी त्याला कोंबडा म्हणतात. ही जोडी बसवली की दीड-दोन लिटर, म्हणजे साधारण दोन तांबे पाण्यात काम होते. तालुक्याच्या दुकानात सहज मिळणारे पसरट भांडे आणि त्याचा खोल ट्रॅप याच्या कित्येक पट पाणी मागतो, आणि ते सगळे पाणी खड्ड्याला पचवावे लागते. आम्हाला ग्रामीण भांड्यासाठी तीन दुकाने फिरावी लागली. ज्या घरात पाणी बाईमाणसाने विहिरीवरून शेंदून आणायचे असते, त्या घरात या दोन तांब्यांचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा सगळा खर्च, वरच्या खोलीसह, सव्वीस हजार रुपयांच्या आसपास आला. पुढे २०१४ मध्ये स्वच्छ भारत मोहीम सुरू झाल्यावर पात्र कुटुंबांना १२,००० रुपये मिळू लागले. आमचे बांधकाम आधीचे, त्यामुळे तो लाभ आमच्या वाट्याला आला नाही. रोजच्या वापरात तक्रार करावी असे फारसे काही घडले नाही. दुर्गंधी नाही, तुंबणे तेरा वर्षांत दोनदा, आणि दोन्ही वेळा कारण पाहुण्यांनी आत टाकलेले सॅनिटरी पॅड. तेव्हापासून दारामागे झाकणाचा डबा ठेवला आहे. न्हाणीघराचे पाणी या खड्ड्यांत सोडायचे नाही आणि फिनेल किंवा ॲसिड ओतायचे नाही, हे दोन नियम पाळले की बाकी देखभाल म्हणजे राखेने किंवा साध्या साबणाने भांडे घासणे, एवढीच. शेजारच्या घरी सेप्टिक टँक आहे. गेल्या वर्षी तो उपसायला त्यांनी टँकरवाल्याला साडेतीन हजार मोजले, आणि तो टँकर पुढे कुठल्या ओहोळात रिकामा झाला हे त्यांनी विचारले नाही.

आता उपशाविषयी. पहिला खड्डा उघडण्याचे ठरले तेव्हा वाडीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: "कोणाक बोलावतलास?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात सगळा इतिहास आहे. सोनखत हा शब्द मराठीत आपण आज कौतुकाने वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या नगरपालिकेचे मैल्याचे खत शहराभोवतीचे ऊसवाले विकत घेत असत, हेही अभिमानाने सांगितले जाते. त्या सोन्याची टोपली कोणाच्या डोक्यावर होती, हे मात्र त्याच वाक्यात क्वचित येते. हाताने मैला उपसण्याच्या कामावर माणसे लावण्यास २०१३ च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे, आणि दोन शोषखड्ड्यांचा खरा दावा असा आहे की नीट वापरले तर त्यात उपसण्यासारखा मैला उरतच नाही. हा दावा खरा की खोटा, हे ठरवण्याची एकच पद्धत मला दिसली. ती म्हणजे आपण स्वतः फावडे घेणे.

आमच्या तालुक्यात हे म्हणायला फार मोठे धाडस लागू नये. गांधीवादी कार्यकर्ते अप्पा पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला आणि मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग तिथे वर्षानुवर्षे चालवले. ते गोपुरी संडास म्हणूनच ओळखले गेले. त्याआधी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे अशी मागणी केली होती. जातीमुळे ते काम त्यांना नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि त्यांना पाठिंबा म्हणून त्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. असा माणूस ज्या मातीत राहून गेला, तिथे आजही पहिला प्रश्न 'कोणाक बोलावतलास' हाच असावा, याचे मला वाईट वाटले. घरात मन वळवायला मात्र अप्पांपेक्षा वर्तमानपत्रातले एक छायाचित्र जास्त उपयोगी पडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्र सरकारच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः असल्या खड्ड्यात उतरून खत बाहेर काढत असतानाचे ते छायाचित्र होते. "दिल्लीचो सायब उतरता तर आमका काय झाला," असे माझे दीर म्हणाले आणि प्रश्न मिटला.

एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळची वेळ. गमबूट, रबरी हातमोजे, नाकाला फडके, अशा तयारीने मी, यजमान आणि दीर असे तिघे जमलो होतो. झाकण सरकवून अर्धा तास तसेच उघडे ठेवले. वास येईल या अपेक्षेने श्वास रोखून धरला होता, तो काही वेळाने आपोआप सुटला. वास आला तो पावसाळ्यानंतर वळचणीखालची माती उकरल्यावर येतो तसा. वरचा थर भुरभुरा, काळसर तपकिरी. खाली वीतभर जरा चिकट आणि ओलसर. गांडुळे होती. त्यात दोन प्लास्टिकच्या पुड्या, एक दाढीचे पाते आणि धाकट्या मुलाची हरवलेली शिट्टी निघाली, म्हणजे प्लास्टिकपुढे आमचा खड्डा हतबल होता. एकंदर बावीस घमेली माल निघाला. साडेचार वर्षांच्या वापरातून पाच माणसांचे एवढेच राहते, हे पाहून माझा पहिला विचार खताचा नव्हता, तर एवढ्याशा गोष्टीसाठी माणसांनी माणसांशी किती वाईट वागावे, हा होता.

पाते हाती लागल्यापासून आम्ही फावड्याऐवजी खुरपे आणि दाताळे वापरतो, आणि कितीही कोरडे दिसले तरी हातमोजे काढत नाही. सुरक्षिततेबद्दल माझे मत असे की दोन वर्षांचा नियम हा किमान नियम आहे, ऐच्छिक सूचना नव्हे. जिवाणू तुलनेने लवकर मरतात, पण पोटातल्या गोल जंतांची अंडी जाड कवचाची असतात आणि ओलाव्यात फार काळ तग धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना उष्ण हवेत वर्षाहून अधिक साठवण पुरेशी मानतात. परंतु त्या कोरड्या साठवणीला समोर ठेवून आहेत, आणि कोकणातला खड्डा जून ते सप्टेंबर कोरडा राहत नाही. म्हणून आम्ही पहिला खड्डा जवळजवळ अडीच वर्षांनी उघडला आणि काढलेला मालही तसाच पसरला नाही. तो माडाच्या बुंध्यापासून चार-पाच फुटांवर आळे खणून आत घातला, वर पालापाचोळा आणि वीतभर माती ओढली. माड, केळी, सुपारी, आंबा यांना तो चालतो, कारण फळ जमिनीपासून लांब असते. माठ, मुळा, कोथिंबीर यांच्या वाफ्यात मी तो कधीही घालणार नाही, आणि कोणी घातला असे कळले तर त्यांच्याकडची कोशिंबीर खाणार नाही.

सासूबाईंचा आक्षेप वेगळ्या प्रकारचा होता. खताच्या माडाचा नारळ देवाला चालणार नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेणखतही कोणाच्या तरी पोटातूनच येते हे त्यांना माहीत होते आणि तरीही गाय वेगळी व माणूस वेगळा, हे त्यांचे उत्तर तयार होते. शेवटी तुळशीजवळचे दोन माड खताविना ठेवण्याचे ठरले, आणि देवाचे नारळ तिथूनच काढले जातात. बाकीच्या माडांचे खोबरे आमटीत त्यांना चालते. माहितीपत्रकात सामाजिक स्वीकृती म्हणून जे शीर्षक असते, त्याचा घरातला अर्थ असा काहीसा असतो.

खताचा परिणाम दिसला का? झाडाखालची माती भुसभुशीत झाली आणि ओल जास्त टिकली, एवढे डोळ्यांना दिसले. झावळ्यांचा रंग पालटला नाही आणि उत्पन्नात मोजण्यासारखी वाढ झाली नाही. त्याचे कारण शोधताना जे समजले, ते मला या संपूर्ण अनुभवातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, फार मोठा वाटा विष्ठेत नसतो, तो मूत्रात असतो. भारतीय आहाराचा अंदाज घेऊन केलेल्या एका हिशेबाप्रमाणे एक माणूस वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र बाहेर टाकतो, त्यातले सुमारे २.३ किलो मूत्रावाटे जाते. स्फुरदाचेही (फॉस्फरसचेही) तसेच: ०.४ किलोपैकी सुमारे ०.३ किलो मूत्रात. आणि शोषखड्डा नेमके काय करतो, तर मूत्र जमिनीत मुरवून टाकतो आणि आपल्या हाती ठेवतो तो उरलेला चोथा. त्या चोथ्याला सेंद्रिय पदार्थ म्हणून किंमत आहे, मातीचा पोत सुधारण्यासाठी तो चांगला आहे. पण माडाला जे हवे असते ते आम्ही पाच माणसांनी साडेचार वर्षे खाली सोडून दिले होते.

मोठ्या माडाला वर्षाला साधारण एक किलो नत्र द्यावे अशी शिफारस आमच्याकडे केली जाते. पाच माणसांच्या मूत्रातले नत्र साडेअकरा किलोच्या घरात जाते, म्हणजे तत्त्वतः अकरा माडांची सोय. हे वाचून कोणाला पैशांचा मोह होणार असेल तर तोही हिशेब मांडते. साडेअकरा किलो नत्र म्हणजे पंचवीस किलो युरिया, आणि ४५ किलोच्या गोणीला अनुदानित दराने सुमारे २६६ रुपये पडतात. स्फुरदासाठी डीएपी या खताचा भाव धरला तरी या दोहोंची मिळून वर्षाची बचत साडेतीनशे रुपयांच्या पुढे जात नाही. एवढ्यासाठी कोणी मूत्र साठवलेले कॅन उचलणार नाही. ज्यांना हा प्रकार 'शून्य खर्चात लाखोंचे खत' म्हणून विकला जात असेल त्यांनी सावध राहावे.

मग आम्ही कॅन का उचलतो? याचे उत्तर विहिरीत आहे. खड्ड्यापासून आमची विहीर सतरा मीटरवर आणि चढाच्या बाजूला आहे. दोहोंमध्ये निदान दहा मीटर अंतर असावे आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या कमाल पातळीपेक्षा दोन मीटर वर असावा, हा नियम साध्या, बारीक मातीसाठी ठीक आहे. जांभ्यात भेगा असतात, आणि भेगेतून जाणारे पाणी नियम वाचत नाही. ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या बाटलीत, ज्यातले पाणी दूषित असेल तर काळे पडते, आम्ही दरवर्षी पाणी तपासतो. एका जुलैत ती बाटली काळी पडली. दोष आमच्या खड्ड्याचा की वरच्या अंगाच्या गोठ्याचा, हे ठरवण्याचा काही मार्ग नव्हता. तेव्हापासून पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळतो. त्यात नत्र मातीत गेले की त्याचे नायट्रेट होते, ते पाण्याबरोबर वाहते आणि उकळून जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे माडापर्यंत न पोचलेले खत कोणत्या ना कोणत्या विहिरीच्या दिशेनेच निघालेले असते. ही जाणीव झाल्यावर मूत्र खड्ड्यात न जाऊ देणे हा आमच्यासाठी खतापेक्षा पाण्याचा प्रश्न झाला.

त्यासाठी २०२० मध्ये परसात आडोसा करून एक साधे मूत्रपात्र बसवले, त्याची नळी वीस लिटरच्या बंद कॅनमध्ये सोडली. यात पाणी ओतायचे नाही. कॅनचे तोंड उघडे राहिले की नत्र अमोनिया होऊन उडून जाते आणि नाकाला ते लगेच कळते, म्हणून नळी कॅनच्या तळापर्यंत नेली आहे. भरलेला कॅन महिनाभर झाकून ठेवतो, मग एकास आठ पाणी घालून माडाच्या आळ्यात ओततो आणि लगेच माती ओढतो. केळीला दिले तर घड उतरवण्याच्या महिनाभर आधी थांबतो. घरात कोणाला प्रतिजैविके चालू असतील तर त्यांनी त्या दिवसांत कॅन वापरायचा नाही, असे ठरले आहे. नितीन गडकरींनी २०१५ मध्ये दिल्लीतल्या आपल्या बंगल्यावर पन्नास लिटरच्या कॅनमध्ये मूत्र साठवून झाडांना घालतो असे सांगितले, तेव्हा महाराष्ट्रभर हसे झाले होते. मीही हसले होते. झाडाला किती टक्के जास्त वाढ मिळते या दाव्याविषयी मला काही म्हणायचे नाही, पण कल्पनेत हसण्यासारखे काही नव्हते, हे आता कबूल करायला हवे. कॅन सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी मूत्र घातलेल्या चार माडांच्या झावळ्या शेजारच्यांपेक्षा गडद झाल्या, हे कोणालाही दिसते. मूत्रातल्या मिठाची भीती आमच्याकडे नाही. माडाला क्षार सोसतात आणि कोकणचा पाऊस उरलेले धुऊन नेतो. कमी पावसाच्या प्रदेशात, जिथे जमीन आधीच क्षारपड आहे, तिथे मात्र हा प्रयोग बेतानेच करावा.

या सोयीतली ढळढळीत उणीव अशी की ती पुरुषांसाठी आहे. घरातल्या दोन बायका आणि पाहुण्या यांचे सगळे अजूनही खड्ड्यातच जाते, त्यामुळे आमचा हिशेब अकरा माडांवरून चारावर येतो. यावर उपाय म्हणून मूत्र वेगळे करणारे कोरडे शौचालय असते; त्याच्या भांड्याला मूत्रासाठी पुढे एक वाट, मैल्यासाठी मागे दुसरी, आणि आपल्यासारख्या पाणी वापरणाऱ्यांसाठी धुण्याची तिसरी जागा असते. मैल्यावर दरवेळी राख टाकतात आणि मूत्र वेगळे साठवतात. तमिळनाडूतील मुसिरी येथे अशा सामुदायिक शौचालयात वापरणाऱ्यालाच दर खेपेस दहा पैसे दिले जात, म्हणजे आपल्या देशात हा प्रयोग परका नाही. लडाखमध्ये तर कोरडे संडास आणि त्यांचे शेतातले खत ही जुनीच रीत आहे. मी एका ओळखीच्या घरी असे भांडे वापरून पाहिले. खत म्हणून ती पद्धत आमच्यापेक्षा कितीतरी सरस आहे आणि भूजल वर असलेल्या खाडीकाठच्या गावांत तीच योग्य. पण धुण्यासाठी जागेवरून सरकावे लागते, लहान मुले चुकीच्या ठिकाणी बसतात, आणि पाहुण्याला दाराशी उभे राहून समजावून सांगावे लागते. एकदा चुकीच्या जागी पाणी गेले की राखेचा चिखल होतो आणि मग वास सुटतो. वर्षातून दोनदा बारा माणसे उतरणाऱ्या घरात ते टिकणार नाही, असे माझे मत झाले.

गॅसचाही पर्याय आहे. देहूचे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी शौचालयाला बायोगॅस जोडण्याचे काम आयुष्यभर केले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या पद्धतीत मूत्रातले नत्र बाहेर पडणाऱ्या रबड्यात, म्हणजे पातळ गाळात, टिकते, हा मोठा लाभ; मात्र गुरे नसलेल्या पाच माणसांच्या घराला मिळणारा गॅस चहापुरताच. शिवाय रबडा ताजा असतो, त्याला पुन्हा साठवावे किंवा कंपोस्टात घालावे लागते. शाळा, आश्रम, वसतिगृह अशा ठिकाणी मी त्याचीच शिफारस करीन.

देशावरच्या वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. काळ्या मातीत हे खड्डे आमच्यासारखे चालणार नाहीत. ती पाणी पीत नाही, पावसाळ्यात फुगते आणि जाळीच्या भिंतीला ढकलते. तिथे खड्डा मोठा करून भोवती वाळूचा थर द्यावा लागतो. पूररेषेत, खाजणात आणि विहिरीला लागून असलेल्या अरुंद परड्यात तर तो बांधूच नये, मग अनुदान मिळो किंवा न मिळो. बांधून घेणाऱ्याने चेंबरचे काँक्रीट ओतण्याआधी गवंड्यासमोर एक बादली पाणी टाकून पाहावे: ते एकाच खड्ड्यात गेले तर ठीक, दोन्हींत गेले तर काम थांबवावे.

आमचा पहिला खड्डा आता दुसऱ्यांदा भरत आला आहे. दगड दिवाळीनंतर, जमीन वाळली की सरकवू. त्याआधी एक दुरुस्ती ठरली आहे: जुने भांडे काढून त्या जागी पुढच्या बाजूस मूत्राची वेगळी वाट असलेले, पण मागे नेहमीसारखे पाण्याचेच असलेले भांडे बसवायचे, म्हणजे बायकांचाही कॅन सुरू होईल आणि धुण्यासाठी कोणाला सरकावे लागणार नाही. असे भांडे तालुक्यात कोणत्याही दुकानात मिळाले नाही. एका कारागिराने फायबरमध्ये ओतून देण्याचे कबूल केले आहे, त्याने चार हजार सांगितले आहेत आणि नमुना दोनदा परत केला आहे.